धाकटी सून

कॉलेजच्या ग्रंथालयातली नोकरी मिळाली, तर मृदुलाच्या पदरात पगार पडणार होता, रविवारची सुट्टी आणि उंबऱ्याबाहेर स्वतःचं नाव. म्हणून सासूबाई रोज दुपारची झोप मोडून, चष्मा लावून खुर्चीत बसत आणि तिची मुलाखत घेत.

"स्वतःबद्दल सांगा."

"मी सांगळ्यांची धाकटी सून..."

"मग नोकरी सांगळ्यांना देऊ का? पुन्हा सांग!"

अशा चौदा दुपारी गेल्या. खऱ्या मुलाखतीतही सवयीने तोंडात सांगळे आलेच होते, पण मृदुलाने ते गिळले. "मी मृदुला. गावच्या वाचनालयात चार वर्षं पुस्तकं सांभाळली आहेत."

साहेबांनी मान डोलावली. "घरी लहान मूल आहे म्हणता. कसं जमणार?"

तिला हसूच आलं. "हा प्रश्न सासूबाईंनी चौदा वेळा विचारलाय, सर."

"मग उत्तर काय?"

"उत्तर त्याच आहेत."

पहिल्या दिवशी निघताना ती पाया पडायला वाकली, तर नातवाला कडेवर घेतलेल्या सासूबाई ओरडल्या, "नमस्कार संध्याकाळी कर, उशीर होतोय!" तरी तिने पाय धरलेच.

नोकरी सुनेला लागली होती; दुपारची झोप कायमची गेली, ती सासूबाईंची.