विणाई खात्यातलं बोलणं

“टेप सुरू करू का, काकू?” चारुलताने विचारलं.

इंदिराबाईंनी मान हलवली आणि त्या स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या, चारुलताच्या बरोबर पाठीमागे. चारुलतासमोर खुर्चीत त्यांचे यजमान दत्तोपंत बसले होते. त्यांच्या डोक्यावर भिंतीला शिकाऊ वर्गाचा काच लावलेला मोठा फोटो. देवासच्या मिलमध्ये ते विणाई मास्तर होते, नव्या पोरांना माग चालवायला शिकवत. मिल बंद पडूनही आता बरीच वर्षं झाली होती.

“अण्णा ऊंचा ऐकतात, बेटा, जरा मोठ्याने बोल,” इंदिराबाई म्हणाल्या. “उत्तर द्यायला जरा टाइम लागेल.”

हे खरं होतं, पण पुरतं नव्हतं. दत्तोपंतांना हल्ली काही आठवेनासं झालं होतं. मुलगा योगेंद्र पीथमपूरला नोकरीला. त्याला संशय होताच. दिवाळीत त्याने बजावलं होतं, “आई, अण्णांना विसर पडतोय असं नक्की कळलं, तर त्यांना वृद्धाश्रमात ठेवीन आणि तुला माझ्याकडे नेईन. तुझ्याच्याने नाही व्हायचं.”

तेव्हापासून इंदिराबाई कोणाला सुगावा लागू देत नव्हत्या. घाबरून झालं, रडून झालं. आता आतून सगळं बधिर होतं. फक्त काम उरलं होतं.

काम म्हणजे दत्तोपंतांना उत्तरं पुरवायचं. मागांच्या खडखडाटात कुणाचं बोलणं ऐकू येत नसे, म्हणून विणाई खात्यातली माणसं आवाज न काढता नुसते ओठ हलवून बोलत. दत्तोपंतांनी लग्नानंतर ते बायकोलाही शिकवलं होतं, सासूबाईंच्या देखत खुशाल गप्पा मारता याव्यात म्हणून. बाकी सगळं गेलं, पण ओठ वाचणं तेवढं त्यांच्याकडे राहिलं.

चारुलता धारच्या कॉलेजातून आली होती. कापडाचं काम शिकवणाऱ्या जुन्या मास्तरांच्या आठवणी गोळा करते म्हणाली. नाही म्हणावं, तर मास्तरांना झालंय तरी काय, अशी चर्चा झाली असती. तिचे वडीलही उज्जैनच्या मिलमध्ये होते म्हणे. इंदिराबाईंनी ते फारसं मनावर घेतलं नाही. मिलमध्ये त्या काळी कोण नव्हतं!

“अण्णा, पहिल्या दिवशी पोरांना काय शिकवायचात?”

इंदिराबाईंचे ओठ हलले.

“तुटलेला धागा जोडायला,” दत्तोपंत म्हणाले. “डोळे मिटून.”

“आणि मागावर कधी बसवायचात?”

“महिनाभर हातसुद्धा लावू द्यायचो नाही.”

चारुलता फोटोकडे बघून हसली. तिची नजर सारखी त्या फोटोवर जात होती. तो आवडलाच असेल, इंदिराबाईंना वाटलं.

“बरं, पोरांची परीक्षा कशी घ्यायचात?”

इंदिराबाईंना हे ठाऊक नव्हतं. त्यांचे ओठ थांबले. दत्तोपंत थोडा वेळ दाराकडे बघत राहिले. मग त्यांनी चारुलताकडे निरखून पाहिलं.

“वेदिका, तू जेवलीस का गं?”

टेप फिरत होता.

“मस्करी करतात,” इंदिराबाई म्हणाल्या. स्वतःचा आवाज त्यांना दुसऱ्याच कुणाचा वाटला. “वेदिका आमची नात. तुझ्यासारखीच दिसते.”

“जेवले, अण्णा,” चारुलता दत्तोपंतांना म्हणाली. “पोटभर जेवले.”

त्यानंतरचे प्रश्न सोपे निघाले. वर्गातली पोरं सणावाराला घरी यायची का? त्यांना काय खायला करायचं? विश्वकर्मा पूजेला कोण कोण जमायचं? इंदिराबाईंचे ओठ भराभरा चालले आणि दत्तोपंत मागोमाग बोलत गेले. पोरगी दमली असावी. बरंच झालं.

टेप बंद करून चारुलताने दोघांना वाकून नमस्कार केला. इंदिराबाई तिला सोडायला फाटकापर्यंत गेल्या. तिथे शेजारच्या राजाबाई उभ्याच होत्या, कान टवकारून.

“कौन आया था, भाभी?”

“कॉलेज की लडकी है. यांची मुलाखत घेऊन गेली,” इंदिराबाई म्हणाल्या. एक दिवस निभावला होता. त्याचाही आनंद असा झाला नाही.

रस्ता ओलांडून चारुलता वळली. तिने राजाबाईंकडे एकदा पाहिलं. मग आवाज न काढता तिचे ओठ सावकाश हलले, “काकू, फोटोच्या काचेत तुमचे ओठ दिसत होते. मला योगेंद्रदादांनीच पाठवलं होतं. अण्णांना सगळं आठवतं, असं सांगते त्यांना.”