खरी गोळी

डॉक्टरांनी बजावलं होतं, “दुखण्यावरची एकही गोळी नको. किडन्या आधीच थकल्यात.” पण नवरा ऐकतोय कसला! शेवटी तिने गुपचूप बाटलीतल्या गोळ्या फेकून तशाच दिसणाऱ्या ताकदीच्या गोळ्या भरल्या. आणि काय आश्चर्य, त्याची कंबर दुखायची थांबली! शिलाई मशीनवर वाकून तो चक्क शीळ घालू लागला. आज मात्र तिचीच दाढ ठणकत होती. बसवेना, उठवेना; सकाळपासून नुसत्या येरझाऱ्या. “अगं, गोळी घे की!” तो वैतागला. बिंग फुटू नये म्हणून तिने त्याच्याच बाटलीला हात घातला. “ती नको. ताकदीच्या गोळीने ठणका कुठला थांबायला?” तो मिश्कील हसला. म्हणजे याला सगळं ठाऊक होतं! तीही ओशाळून हसली. त्याने कापडाच्या गठ्ठ्याखालून गोळ्यांचं पाकीट काढलं. “घे, ही खरी.” तिचं हसू विरलं. पाकीट अर्धंअधिक रिकामं होतं.