रोजची दाढी

लकवा मारून सात वर्षं अंथरुणाला खिळलेल्या न्हाव्याची दाढी रोज सकाळी त्याची बायकोच करायची, त्याच्याच वस्तऱ्याने. धडधाकट होता तेव्हा दारू चढली की हाच वस्तरा तो तिच्या गळ्याला लावायचा. वीस वर्षं लावला. अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं, पण तेव्हा गल्लीची दातखीळ बसली होती.

"वहिनी, प्रवचनात सांगतात ते निरपेक्ष प्रेम म्हणजे तूच गं," भेटायला आलेली नणंद म्हणाली. "आमच्या दादाने एवढं छळलं, तरी मनात काहीच नाही?"

"नाही हो वन्सं. देवाशपथ, काही नाही."

तिने पात्याला धार लावली आणि त्याची हनुवटी अलगद वर उचलली. या सात वर्षांत त्याला साधा ओरखडासुद्धा उठला नव्हता. पातं कंठाशी आलं, न्हाव्याचे डोळे पांढरे झाले आणि खालची चादर ओली झाली.

"अगं बाई! हे काय?"

"रोजचंच आहे." तिने शांतपणे पात्यावरचा साबणाचा फेस पुसला. "रोज कानात सांगते, माफ केलंय तुम्हाला. पण यांचा विश्वासच बसत नाही. माझ्या जागी हे असते तर यांनी काय केलं असतं, तेवढंच यांना ठाऊक आहे."