कापसाचा बोळा

"श्वास घेताना नाकाशी धरायचा, सोडताना बाजूला घ्यायचा." नर्सने सासूबाईंच्या हातात कापसाचा बोळा दिला. त्यावर लव्हेंडरच्या तेलाचे थेंब होते. "स्त्रीबीजं काढल्यावर पोटात कळा येतात. या वासाने जीव जरा शांत होतो, दुखणं सोसवतं. आत गर्भ तयार करतात त्या लॅबजवळ अत्तरसुद्धा चालत नाही, म्हणून हे इथे बाहेरच."

सून कॉटवर कुशीला वळून पडली होती. गुंगी उतरत होती आणि कळा वाढत होत्या. सासूबाई नेमाने बोळा मागेपुढे करू लागल्या. सुनेचं करण्यात त्या कधी कमी पडल्या नव्हत्या, आणि तिला बोलण्यातही नाही.

"सोस बाई. आपल्याच अंगात खोट म्हटल्यावर सोसायला नको का?" त्यांनी बोळा बाजूला घेतला. "पण माझ्या मुलाचं बघ. इतक्या वर्षांत चकार शब्द काढला नाही त्याने." बोळा पुन्हा नाकाशी. "दुसरा असता तर केव्हाच दुसरी आणली असती."

मुलगा कॉटच्या पायथ्याशी उभा होता. चकार शब्द त्याने खरंच काढला नव्हता. खोट त्याच्यात होती. डॉक्टरांनी ते दोघांना समोर बसवून स्वच्छ सांगितलं होतं. त्या दिवशी घरी आईने विचारलं तेव्हा तो म्हणाला, "हिच्यात जरा प्रॉब्लेम आहे." बायको तिथेच कपड्यांच्या घड्या घालत होती. तिने मान वर केली नाही. मग आज सांगतो, उद्या सांगतो करत ते राहूनच गेलं, आणि इंजेक्शनं मात्र तिच्याच पोटात जात राहिली.

आता तिने डोळे उघडून त्याच्याकडे पाहिलं. रागाने नाही. राग असता तर बरं वाटलं असतं. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आई," तो म्हणाला.

"काय रे?"

बायको बघत होती. आईही बघत होती, मायेने. ओठांवर आलेलं त्याने गिळलं. तो मटकन स्टुलावर बसला.

नर्स लगबगीने आली. "काय झालं यांना?"

"त्याला कुठे काय झालंय? ठणठणीत आहे तो," सासूबाई म्हणाल्या. "बायकोचे हाल बघवत नाहीत, एवढंच. लहानपणापासून हळवा आहे." त्यांनी सुनेच्या नाकाशी धरलेला बोळा उचलला आणि मुलाच्या नाकाशी नेला. "घे राजा, मोठा श्वास घे."

कॉटवर नवी कळ आली. बायकोने उशीचं टोक दातांत धरलं.

त्याने श्वास घेतला.