मुरण्याची चाचणी

शेजारच्या रिकाम्या तुकड्यावर वेगळं घर बांधायचं, तर सांडपाणी तिथल्या जमिनीत मुरतं हे आधी दाखवायला हवं होतं. तपासनीसाने अरुंद खड्डा पाण्याने भरला, काठाखाली खूण केली आणि म्हणाला, "अर्ध्या तासात पाणी इथवर उतरलं, तरच सही."

माती चिकण होती. वीस मिनिटं झाली तरी पाणी जागेवरच. सासूबाईंच्याच एका खोलीत मधोमध पडदा लावून सात वर्षं संसार केलेली सून त्या पाण्याकडे बघत राहिली.

"मी म्हटलं होतं, या मातीत काही मुरत नाही," मागच्या दारात बसलेल्या सासूबाई म्हणाल्या.

तेवढ्यात तपासनीसाला फोन आला. बोलत बोलत तो फाटकाबाहेर गेला. सासूबाई उठून आल्या. आता पुढचा टोमणा, म्हणून सुनेने मान खाली घातली. सासूबाईंनी हातातला तांब्या खड्ड्यात बुडवला आणि पाणी झुडपात ओतलं. पुन्हा बुडवला. पाणी खुणेला टेकलं.

"अहो आई, हे काय?"

"हळू बोल. माझ्या वेळीही इथेच खड्डा खणला होता. तेव्हाचा साहेब अर्धा तास जागचा हललाच नाही."