चौथं झाड

“तू नर्स शे का?” उखाआबांनी फाटकातच काठी आडवी धरली.

“डॉक्टर आहे, आबा. कोर्टानं पाठवलंय,” दीपमाला म्हणाली.

“माले येडा ठरावाले?”

“तसं काही नाही.”

होतं मात्र तसंच. बापाचं डोकं ठिकाणावर नाही, असा हेमराजचा अर्ज होता. दीपमालाने तसं लिहून दिलं की आमराईचा कारभार मुलाच्या हातात जाणार. मग तिथे प्लॉट पडणार, हे पार प्रकाशा गावापर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं.

तिने आज वार कोणता ते विचारलं. आबांनी बाजाराचा सांगितला; बाजार कालच होऊन गेला होता. महिना कोणता?

“आंबाना,” आबा म्हणाले आणि बाजूला थुंकले.

तोडगा हेमराजनेच काढला. “असले प्रश्न नकोत, मॅडम. त्यांना झाडांचं विचारा. सगळा जन्म इथेच गेलाय त्यांचा.”

मुलगा वाटला होता तेवढा वाईट नाही, असं तिच्या मनात आलं. फाटक ढकलताना त्याच्या अंगठ्याचं काळंनिळं नख तिला दिसलं.

“काय लागलं?”

“दारात सापडला,” तो म्हणाला.

फाटकापासून तापीपर्यंत दीड किलोमीटर पायवाट होती. चढ नाही, काटा नाही. रविवारी शहाद्याची माणसं पोराबाळांना घेऊन इथे चालायला यायची. दोन्ही बाजूंना आबांच्या पणजोबांच्या काळातले गावठी आंबे. प्रत्येकाला नाव, आणि बुंध्यावर त्या नावाची पाटी.

“नावं आबांनीच सांगितली होती,” हेमराज म्हणाला. “दोन वर्षं झाली. शाळेतल्या गुरुजींनी ऐकून रंगवली. आबांना वाचता येत नाही ना.”

दीपमालाला हे फारच सोयीचं वाटलं. प्रश्न आबांच्या ओळखीचा, उत्तरही त्यांचंच. यापेक्षा सरळ परीक्षा कुठली असणार?

पहिल्या झाडाशी आबा थांबले. “हाऊ केळ्या.”

पाटीवर होतं: गोट्या.

“हाऊ शेंद्र्या.”

पाटीवर होतं: केळ्या. उन्हाने पाटीचा रंग उडाला होता, खिळे तेवढे चकाकत होते. तिने वहीत फुली मारली.

तिसऱ्या झाडाचंही चुकलं. हेमराजने कपाळाला हात लावला. “आबा, येडासारखं काय करी ऱ्हायनात?”

“येडा तुन्हा बाप!”

हेमराज हसला. “बघा मॅडम. स्वतःच कबूल करतात.”

दीपमालालाही हसू आलं, आणि आपण हसलो याचा तिला लगेच राग आला. तो राग तिने म्हाताऱ्यावरच काढला.

“नीट आठवून सांगा, आबा. घाई नाही. हे चौथं झाड कोणतं?”

आबांनी बुंध्यावर पंजा ठेवला. “हाऊ शेप्या. याना रसले शेपूनी भाजीना वास येस. मन्ही माय घरमा लई येऊ देत नव्हती. हेमराजले ते लहानपनपासून आवडत नही.”

पाटीवर होतं: खोबऱ्या.

“किती रंगवून सांगतात,” हेमराज हळूच तिला म्हणाला. “म्हणून तर लोकांना खरं वाटतं.”

अकरा झाडं झाली. अकरा फुल्या.

आमराई संपून नदीकाठचं रान लागलं. करंज, उंबर, जांभळं. आबा इथेही बोलतच होते. या करंजाखाली पूर टेकला होता, त्या उंबरावर मधाचं पोळं असतं. पण रानात पाट्या नव्हत्या, म्हणून तिने त्यातलं काही लिहून घेतलं नाही.

तापीसमोर दगडी बाक होता. तिथे बसून तिने अहवाल पुरा केला. ‘रोजच्या ओळखीच्या गोष्टी ओळखता येत नाहीत. चुकीची उत्तरे ठामपणे देतात.’ खाली सही केली.

“काय लिखं तुनी?” आबांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला.

तिने फाईल मिटली.

“हाऊ हेमराज आमराई तोडनार शे, बाई. तुनी काय लिखं ते सांग ना.”

“उशीर होतोय,” हेमराज म्हणाला.

तिघे परत निघाले. आबा काठी आपटत पुढे चालले होते. एका झाडाखाली ते वाकले, गळालेला पिकला आंबा उचलला आणि धोतराला पुसून तिच्यासमोर धरला.

“तू मन्ही वैरीन शे. पन मन्ही आमराईमा उनी, रित्या हाते जाऊ नको. खाय.”

“राहू द्या, मॅडम,” हेमराज घाईने म्हणाला. “धुतलेला नाही. घरी चांगले देतो, पेटीभर.”

तो घ्यायला पुढे आला, पण तोवर तिने आंबा हातात घेतला होता. या माणसाला आपण आज पुरतं उघड्यावर पाडलंय. त्याचा एवढा तरी मान राखावा, असं तिला वाटलं. फाईल काखेत धरून तिने देठ खुडला, चीक पिळून टाकला आणि आंबा तोंडाला लावला.

समोरच्या पाटीवर खोबऱ्या लिहिलं होतं.

तिच्या तोंडभर शेपूच्या भाजीचा वास पसरला.