रुपरावांची शेवटची मालगाडी

"नाही म्हणजे नाही जी," रुपराव गार्डाच्या डब्याच्या पायरीवरून म्हणाले. "नियम हाय."

"आज शेवटची ड्युटी तुमची. मला अजनीपर्यंतच तर न्यायचं आहे. कोण बघतंय?" रुळांशेजारून सुमंतरावांनी पुन्हा घोडं दामटलं.

"मी पाहून राहिलो ना."

झालं, विषय संपला. बुटीबोरीच्या बाजूच्या लूप लाईनीवर कोळशाची मालगाडी मेलला वाट देऊन उभी होती. मेल गेली की ही हलणार, आणि तिच्याबरोबर रुपरावही कायमचे जाणार.

सुमंतरावांना गाड्यांचं वेड होतं. विम्याच्या कचेरीतून निवृत्त झाल्यापासून तर त्याला धरबंदच उरला नव्हता. जेवण झालं की धरमपेठेतून स्कूटर काढायची आणि बुटीबोरी गाठायची. "सवत आणली असती तर निदान घरी तरी बसला असतात," असं ताराबाई म्हणत, आणि थर्मासात दोन कप चहा जास्तीचा ओतत. तो चहा मालगाडीवाल्यांसाठी असे. प्रवासी गाडीला हात करायला सगळं गाव धावतं, मालगाडीच्या माणसांना कुणी पाणीही विचारत नाही. इंजिनात ड्रायव्हर जितेंद्र आणि त्याचा सहायक, तर दुसऱ्या टोकाच्या हादरत्या डब्यात रुपराव एकटे. गार्डाला आता ट्रेन मॅनेजर म्हणतात. "नाव मोठं झालं, डबा तेवढाच हादरते," असं रुपराव म्हणायचे.

दोघांची ओळख भांडणातूनच झाली होती. सुमंतरावांनी एकदा हौसेनं ताराबाईंचा हिरवा खण उभ्या गाडीजवळ फडकवला, तर रुपराव डब्यातून उतरून थेट अंगावर आले होते. "हिरवं कापड दाखवू नोका! ड्रायव्हरनं सिग्नल समजला तं?" बिचारे सुमंतराव इतके ओशाळले की रुपरावांनाच वाईट वाटलं. मग त्यांनीच शिकवलं. गाडी निघायच्या आधी पुढे इंजिनाकडे जाऊन उभं राहायचं आणि समोरून जाणारी चाकं पाहायची. कुठे धूर निघतो का, काही लोंबकळतं का, आगीसारखा वास येतो का. सगळं ठीक दिसलं, तर डबा समोरून जाताना हात आडवा हलवायचा. स्टेशनातली माणसं असंच करतात.

तेव्हापासून सुमंतराव रोज हात हलवत आले. रुपराव दारात उभे राहून हिरवी झेंडी दाखवत. रडणाऱ्या पोराच्या हाती खुळखुळा द्यावा, तसा हा खेळ आपल्याला दिलाय हे सुमंतरावांना कळत होतं. तरी त्यांना तो आवडायचा. एक आशा मात्र मनात होती, की कधीतरी रुपराव म्हणतील, या, चढा वर, तुम्ही आमच्यातलेच.

मेल धडधडत गेली. आता सिग्नलचीच वाट होती.

"इतक्या वर्षांत मी तुम्हाला परकाच राहिलो म्हणायचा," सुमंतराव म्हणाले. रुपरावांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण सुमंतराव तरातरा पुढे इंजिनाकडच्या आपल्या जागी निघून गेले. हॉर्न वाजला आणि गाडी हलली. रुपरावांनी दारात उभं राहून झेंडी धरली. सुमंतरावांनी चाकं नेहमीसारखी पाहिली, पण हात मुद्दाम खिशात घातले. डबा वळणाआड जाईपर्यंत झेंडी तशीच धरलेली दिसत होती.

घरी त्यांना जेवण गेलं नाही. "निरोपाच्या दिवशी फुगून बसलात? शोभतं का या वयात?" ताराबाई म्हणाल्या. शोभत नव्हतंच. सुमंतरावांना स्वतःचीच लाज वाटत होती.

दुसऱ्या दिवशी केवळ सवयीनं ते बुटीबोरीला गेले. रुळांकडेच्या पुलियाच्या कठड्यावर कुणीतरी बसलं होतं. अंगात साधा सदरा, गळ्यात दुपट्टा. गणवेशाशिवाय रुपराव ओळखूच आले नाहीत.

"कवाची वाट पाहून राहिलो जी," ते उठत म्हणाले. त्यांचे डोळे लाल होते. "रात्रभर झोप नाही."

"काय झालं?"

"काल तुमचा हात हालला नाही. मी जितेंद्रले वॉकीटॉकीवर सांगितलं, पुढच्या स्टेशनात गाडी उभी कर. त्याच्या असिस्टंटनं तिकून, मी इकून, वाकून वाकून अख्खी गाडी पाह्यली. तिकडे अजनीले लोक हार घेऊन ताटकळले. पण कुठंच काही सापडलं नाही." रुपराव जवळ आले. "सांगा जी, काय दिसलं होतं तुम्हाले?"

सुमंतरावांना हुंदका आवरेना. ज्याला ते खुळखुळा समजत आले होते, त्याच्या भरवशावर या माणसानं आपल्या शेवटच्या ड्युटीला गाडी थांबवली होती.

"काही नाही दिसलं, रुपराव. मी रुसलो होतो."

रुपराव पोट धरून हसले. हसता हसता दुपट्ट्यानं डोळे पुसू लागले. लांब हॉर्न वाजला. वर्ध्याकडून एक मालगाडी येत होती. रुपरावांनी सुमंतरावांच्या बाहीला धरून त्यांना आपल्या शेजारी उभं केलं.

"रुसायचं तं माह्यावर रुसा जी, घरी येऊन रुसा. पण गाडीवर नाही. चाकं पाहा आता, तुमची ड्युटी हाय."